जयपालची काळी एक

संयोगिता,

सांगलीच्या जयपालचं पत्र दिवाळीपासून माझ्या पुस्तकात खुणेला होतं. चंदनबाला वहिनी गेल्यापासून तो गायलेला नाही. "तू गिटार घेऊन ये, मग गाऊन बघतो," एवढंच लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्याची पट्टी काळी एक, आणि त्या पट्टीतल्या कॉर्डना अख्खं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. माझं बोट आता ऐकत नाही. त्याला पट्टी बदल म्हणायचा धीर नव्हता, आणि कॅपोचा चिमटा लावून वाजवणं मला लबाडी वाटायची.

परवा तू म्हणालीस, "आवं आप्पा, सूर त्यांचा ऱ्हातोय, बोटं तेवढी सोपी हुत्यात. यात लाजायचं काय?" आणि चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून मला साधे ए, डी, ई कॉर्ड वाजवायला लावलंस. तू गेल्यावर मी हार्मोनियमवर काळी एक दाबून पाहिली. जुळत होती. तरी पुन्हा पाहिली. माझा माझ्यावर कुठे विश्वास आहे.

तुझा कॅपो न विचारता नेतोय. दूध तापवून झाकलंय. धैर्यशील घरी आला की त्याला सांग, आज मुक्काम जयपालकडे.

जयपालला 'येतोय' असं उत्तर मघाशीच टपालपेटीत टाकून आलो. पत्राच्या आधी मीच पोहोचेन, हे कळतंय. पण टाकलेलं पत्र परत काढता येत नाही, म्हणून आधी ते टाकलं आणि मग ही चिठ्ठी लिहायला बसलो.

आप्पा