पान सातवरचा निवाडा

२ फेब्रु., सोमवार
लॉच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे मसुदे तपासले. शेतवाटेच्या हक्काचा दावा. वैशालीचा सगळ्यात चांगला. पण आधार म्हणून दिलेला हायकोर्टाचा निवाडा कुठंच सापडेना. दोन तास शोधला. संगणकाकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलं असणार. तो असे निवाडे बिनदिक्कत रचतो. शून्य दिले. शेरा: 'कायद्यात थाप चालत नाही.' लिहिताना बरं वाटलं, हेही इथं नोंदवते.

३ फेब्रु.
वैशाली स्टाफरूमच्या दारात. सिहोऱ्याहून पहिल्या बसनं आलेली.
"मॅडम, मले शून्य काहून देलं?"
मी सुरू झाले, प्रामाणिकपणा वगैरे. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मग झेरॉक्स पुढं केली. "तुमच्याच नोट्समधी हाये न. पान सात."
खरंच होता. दिवाळीनंतर कॉलेज तपासायला येणाऱ्या गुणवत्ता समितीच्या फाइलसाठी 'आधुनिक अध्यापन साहित्य' हवं होतं. एका दुपारी संगणकाकडून या नोट्स करून घेतल्या. वाचल्या होत्या. तपासल्या...

४ फेब्रु.
वैशालीचे गुण दुरुस्त केले. माफीही मागितली, घाईघाईत. प्राचार्यांना सांगितलं, वर्गातही सांगायला हवं म्हटलं. ते म्हणाले, "समिती उद्या येऊन राहिली मॅडम. तेवढं निपटू द्या, मग पाहू न." हो म्हटलं. का म्हटलं?

५ फेब्रु.
समिती. स्मार्ट बोर्ड ऐनवेळी चालला. अध्यक्षांनी नेमक्या माझ्याच नोट्स चाळल्या. "मांडणी उत्तम." प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हसले.
नंतर जिन्यात वैशाली. तिच्या बाबांचा शेतवाटेचा खराच दावा चालू आहे, मला ठाऊक नव्हतं. "बाबानं ते पान वकिलाले देलं मॅडम. त्यायनं लेखी युक्तिवादात टाकून देलं."
तिच्याकडून वकिलांचा नंबर घेतला.

६ फेब्रु.
तिच्या बाबांच्या वकिलांना फोन केला. सगळं सांगितलं. "तुम्ही लॉ शिकवता न मॅडम?" मग हळू आवाजात, "तपासाले तर मले बी पाहिजे होतं." तेवीसच्या तारखेला कोर्टाला सांगून तो आधार मागे घेणार. समोरची बाजू सोडणार नाही. चूक माझी असं लिहून देते म्हटलं. "पाहू."
वैशालीच्या बाबांशी बोलायचं धाडस अजून झालं नाही.

७ फेब्रु., शनि.
प्राचार्यांना न विचारता वर्गात सांगितलं. फळ्यावर निवाड्याचं नाव लिहिलं आणि म्हटलं, हा निवाडा अस्तित्वात नाही, तुम्हाला मी दिला. मागं कोणीतरी हसलं. वैशाली नाही हसली. तिनं हात वर केला.
"मॅडम, बाकीचे तरी खरे हायेत का?"
तपासून सांगते म्हटलं. दुपारपासून बसले आहे. नऊ पाहून झाले. पान बारावरचाही सापडत नाहीये.