पाडव्याचा उखाणा

भाद्रपद वद्य पंचमी, शके १८६७

यांचा उजवा हात हलला! अंगावरून वारं गेल्यापासून मेल्यागत पडला होता, आज त्यानं पांघरूण ओढलं. तोंडातून शब्द मात्र एक नाही. भूमचे हकीम चाँदपाशा येऊन पारव्याच्या रक्तानं मालिश करतात. मला वासानं मळमळतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

भाद्रपद वद्य नवमी

अविधवा नवमी. आक्काच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. अयोध्याआक्का — माझी थोरली बहीण, यांची पहिली बायको. बाळंतपणात गेली, नि वर्षाच्या आत मला तिच्याच घरात दिली. लग्नात माझे डोळे रडून सुजलेले. तरी हरणावन्संनी दारात वाट अडवलीच! यांनी उखाणा घेतला —

शाळू आला हुरड्याला, दारी बांधला घोडा,
कस्तुराचं नाव घेतो, वाट आता सोडा.

रडता रडता हसले मी. काय आवाज होता! एरवी आयुष्यभर ‘अगं’ नि ‘ऐकलं का’. नाव घ्यायचे ते वर्षातनं एकदा, पाडव्याच्या ओवाळणीला, याच उखाण्यात. त्या दिवसासाठी मी अजून पोरीसारखी झुरते.

आश्विन शुद्ध द्वादशी

पटवारी लेव्हीची, सरकारची सक्तीची, जवार न्यायला आला. हे नुसते बघत राहिले. एरवी तोंडाचा पट्टा वेशीपर्यंत ऐकू गेला असता!

आश्विन वद्य दशमी

काठी धरून ओसरीपर्यंत चालले! जीभ तेवढी उठत नाही. चाँदपाशा म्हणाले, “भाभी, पुरानी बातां छेडो. नवी बात जबान पे नै आती, पक्की हुई सो आती.” हरणावन्सं लगेच म्हणाल्या, “मग वैनी, पाडव्याला उखाना सुरू करून द्या की! लई वर्सांचा पाठ हाय दादाचा.”

यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकू दे. मग देवानं जन्मभर मुकं ठेवलं तरी तक्रार नाही.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा

ओवाळताना मी म्हटलं, “शाळू आला हुरड्याला...”

यांचे ओठ वाकडेच हलले. “दारी... बांधला घोडा.” मग अगदी स्पष्ट — “अयोध्येचं नाव घेतो...”

हरणावन्संनी तोंडाला पदर लावला. हे माझ्याकडेच बघून हसत होते, किती दिवसांनी! “अयोध्ये?” पुन्हा म्हणाले.

मी ओ दिली.