जर्मनीची बारीक, अमेरिकेची जाड

वळ, ता. भिवंडी
१२ मे २००६

ती. भाविकदादास,
दिपालीचा सा. न. वि. वि.

घरी सगळे मजेत. तू ई-मेल पाठवतोस ते मी आजीला वाचून दाखवते, पण तिला ते पटत नाही. हातात धरता येत नाही आणि उशीखाली ठेवता येत नाही, त्याला ती पत्रच म्हणत नाही. म्हणून हा कागद. तुझ्या जहाजाच्या एजंटकडे पोचला की कळव.

बातमी अशी की मला नोकरी लागली! मानकोलीला, केसरीनाथकाकांच्या गोडाउनवर. टेमघरचे रे ते, ज्यांचे कापडाचे लूम होते. त्यांनी लूम विकले आणि सिगारचा धंदा काढला. हसू नकोस. सिगार वळतात तिकडे तामिळनाडूत, आमच्याकडे येतात नुसत्या पेट्या भरून. आम्ही त्यांना कागदी पट्टी लावायची, लाकडी डबीत घालायच्या आणि परदेशी रवाना करायच्या. सिगार सुकू नये म्हणून एक खोली कायम दमट ठेवलीय. त्या खोलीतून बाहेर आलं की केसांना असा वास येतो की आबा मला देवघराकडे फिरकू देत नाहीत. तुला माहीतच आहे, माळकरी माणूस. मी लेक होऊन तंबाखूच्या पेट्या मोजते म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. आई मधे पडली म्हणून निभावलं.

काकांचा हिशोब सोपा होता. गोरा तो गोरा, त्याला जाड, काळी सिगार दिली की झालं. तशा मुठीएवढ्या जाडीच्या सिगारी त्यांनी नमुना म्हणून हॅम्बुर्गच्या क्लाउस्नरबाईंना धाडल्या. बाईंनी फार नम्र उत्तर पाठवलं, की वस्तू सुंदर आहे, पण आमच्या गिऱ्हाइकाला ती ओढायची की टेबलाला पाय म्हणून लावायची, हे कळत नाहीये. काका दिवसभर चहा प्यायले नाहीत. मितेश म्हणाला, आपण आधी विचारायला हवं होतं. मितेश म्हणजे काकांचा मुलगा. मग मितेशलाच सुचलं की तू प्रवासी जहाजावर सिगारच्याच बारमध्ये आहेस. तेव्हा दादा, लिही बघू, कुठल्या देशाचा माणूस काय ओढतो. मितेश वाट बघतोय.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
दिपाली


बार्सिलोना
४ जून २००६

चि. दिपूस अनेक आशीर्वाद,

पत्र पोचलं. आजीला सांग, मीही उशीखाली ठेवलंय.

तुझ्या पत्रात आबा एकदा, आई एकदा आणि मितेश मात्र चारदा. बरं, ते असो. कामाचं लिहितो.

आमच्या बारमध्ये माणूस तोंड उघडायच्या आधी मला त्याचा देश कळतो. जर्मन येतो तो बारीक, फिकट, बोटाहून लहान सिगार मागतो, आणि ती कोरडी हवी. कानाशी धरून दाबून बघतो, कुरकुरली तर खूश. कॉफीबरोबर ओढतो आणि घड्याळ बघून उठतो. तुमची ती दमट खोली त्याच्या काही कामाची नाही. स्पेनच्या माणसाला सौम्य लागते, महागही नको, कारण ती रोजच्या गप्पांसाठी असते, ती विझली तरी गप्पा चालूच. इंग्रज आधी हवेबद्दल बोलतो, मग जी सिगार त्याचा बाप ओढायचा तीच मागतो.

आणि अमेरिकन! मागच्या हिवाळ्यात आम्ही तिकडे होतो. त्याला जाड हवी, काळी हवी, ओलसर आणि तिखट हवी. दोन तास पुरली नाही तर तो फसवल्यासारखा बघतो. काकांना सांग, त्यांची टेबलाच्या पायाची सिगार वाया गेलेली नाही, ती फक्त चुकीच्या दारात उभी होती.

आता मितेशचं लिही. उंची, स्वभाव, आणि आबांच्या समोर उभा राहिला तर पाय लटपटतील का, हे मुख्य.

प्रकृती जप, आणि दादाला विसरू नकोस.
तुझा,
भाविक


वळ
१६ सप्टेंबर २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घात झाला! पण मी हसत हसत लिहितेय, आणि का ते शेवटपर्यंत वाचलंस की कळेल.

तुझ्या पत्राबरहुकूम आम्ही दोन माल केले. क्लाउस्नरबाईंसाठी बारीक, कोरड्या. मायामीच्या व्यापाऱ्यासाठी जाड, काळ्या. दोघांच्या ऑर्डरी आल्या. काकांनी टेमघरमध्ये पेढे वाटले. पेट्या बंद झाल्या, लेबलं चिकटवायची राहिली होती. ती माझ्या हातात होती, आणि नेमकं तेव्हाच मितेशने मला विचारलं. काय विचारलं ते तुला कळलं असेल. फोर्कलिफ्टचा आवाज इतका होता की त्याला तीनदा विचारावं लागलं, तिसऱ्यांदा तर आवाज बंद झाला आणि सगळ्या गोडाउनने ऐकलं. लोडर टाळ्या वाजवत भाभीजी, भाभीजी करायला लागले. मी हो म्हणाले. दादा, त्यानंतर मी कुठल्या पेटीला काय चिकटवलं, देवाला ठाऊक.

आता देवाबरोबर काकांनाही ठाऊक आहे. टेबलाचे पाय पुन्हा हॅम्बुर्गला गेले, आणि कुरकुरीत काड्या मायामीला. मायामीवाल्याने विचारलं, ह्या ओढायच्या की देवापुढे लावायच्या. बाईंनी एवढंच लिहिलं की ऑक्टोबरअखेरपर्यंत माल उचला.

काका रविवारी थेट आपल्या ओटीवर आले. मागे मितेश. काकांचा आवाज मानकोलीच्या नाक्यापर्यंत गेला असेल. हा सौदा बुडाला तर दुसरी संधी कोण देणार, चाळीस माणसांचं काम आहे तिथे, असं म्हणताना त्यांचे डोळे भरले. इतक्यात मितेश पुढे झाला आणि म्हणाला, लेबलं मी लावली. मी म्हणाले, खोटं, मी लावली. तो म्हणाला, हिला काही आठवत नाही. मी म्हणाले, मला सगळं आठवतं, तूच मधे बोलायला आलास. तो म्हणाला, म्हणजे चूक माझीच. आमचं असं जुंपलं की काका आपलं भांडण विसरून बघत राहिले. आजी आतून ओरडली, की अरे हे भांडण लग्नानंतरचं हाय, आधी सुपारी तरी फोडा.

आबांना तेव्हा कळलं. ते उठले, मितेशला पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेले. याचा अर्थ काय लावू? मला झोप नाही. तुझं जहाज हॅम्बुर्गला लागणार असं म्हणाला होतास. बाईंना भेटशील का?

तुझ्याच भरवशावर असलेली,
दिपाली


अटलांटिकवर कुठेतरी
२२ ऑक्टोबर २००६

चि. दिपूस अनेक आशीर्वाद,

भेटलो. आणि ऐक, नाचायला जागा कर.

क्लाउस्नरबाई सत्तरीच्या पुढच्या. वखार आपल्या वळच्या गोडाउनांपुढे अगदीच देवळी. मी माफी पाठ करून गेलो होतो. त्यांनी आधी कॉफी दिली, वर केक दिला, मग विचारलं की एवढी व्यवस्थित माणसं, घोटाळा झाला कसा? मला खोटं सुचेना. म्हणून खरं सांगितलं, फोर्कलिफ्टसकट. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग म्हणाल्या, माझ्या नवऱ्यानेही मला ह्याच वखारीत विचारलं होतं, पण त्या दिवशी नशिबाने रविवार होता.

हसल्या तरी माल त्यांच्या कामाचा नव्हताच. त्यावरचा रस्ता मला गोदीत परत येताना दिसला. आमचं जहाज दर हिवाळ्यात युरोप सोडून अमेरिकेकडे जातं. उतारू बदलतात. म्हणजे कोरडी, बारीक सिगार मागणारे उतरणार आणि जाड, काळी मागणारे चढणार! मी आमचे मॅनेजर स्टाव्रोस यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. हे ग्रीक गृहस्थ कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी तुमची एक सिगार पेटवली, शेवटपर्यंत ओढली, आणि मग सगळ्या पेट्या जहाजावर चढवायला सांगितल्या. बाईंनी तिथल्या तिथे कागद केले.

काल एका टेक्सासच्या आजोबांनी मला बोलावून विचारलं, ही कुठली? मी म्हटलं, भिवंडी. त्यांना वाटलं, क्युबाजवळचं एखादं बेट असावं. मी बेटच राहू दिलं.

बाईंनी बारीक सिगारची नवी ऑर्डर दिली आहे. अट एकच: लेबलं अशा माणसाने लावावीत जो प्रेमात नाही. केसरीनाथकाकांनाच बसवा.

मायामीवाला मात्र अजून तापलेला आहे असं ऐकतो. त्याच्यावर माझं औषध नाही. तो माल परत येईल, ती झळ सोसावी लागेल.

आबांनी पाणी दिलं ना? मी बारावीत नापास झालो तेव्हा मला चार दिवस पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. यावरून काय ते समज.

ओढ कायम ठेव.
तुझा,
भाविक


वळ
३ डिसेंबर २००६

चि. भाविकला सीताबाईचा लई लई आशीर्वाद. लिवनारी दिपाली, बोलनारी मी. पोरगी लाजून मधलं गालल, म्हनून मी बाजूला बसून बघते. (मी काही गाळत नाहीये. दिपाली.)

आमी समदी बरी हाव. तुजा कागूद आला नं केसरीनाथ धावत आला. ओटीवर बसून पोरावानी हसला. आता तोच चष्मा लावून पेट्यांवर लेबलं लावतो, दुसऱ्याला हात लावून देत न्हाय.

तुज्या बापाचं सांगते. त्यो कुनाला न सांगता मानकोलीला गेला. गोडाउनात त्या पोराला हुडकून बोलला, की मना तुजा धंदा आवडत न्हाय नं कवाच आवडनार न्हाय. पोरगा बोलला, बरं आबा. मंग बाप बोलला, पन माज्या पोरीची चूक तुना आपल्या डोक्यावर घेतली नं ती तिना घेऊ दिली न्हाय, असं जोडपं मी माज्या हातानं तोडनार न्हाय. पोराचे डोले भरले. तुजा बाप तसाच माघारी फिरला, घरी येऊन मना बोलला, आई, सुपारी आन. (आबांनी मला अजून थेट काही सांगितलेलं नाही. सकाळी फक्त माझ्या ताटात दोन पुरणपोळ्या वाढल्या.)

लगीन माघात धरलंय. केसरीनाथ बोलला, डिसेंबरातच उरकू. तवा तुजा बाप ताडकन उठला नं बोलला, माजा पोरगा दर्यावर हाय, त्याच्याबिगर हलद लागनार न्हाय.

आता त्याना बाजारातून जगाचा नकाशा आनलाय. भिंतीला लावलाय. रोज जेवन झालं का त्याच्यापुढं उभा ऱ्हातो, पान्यावर बोट फिरवतो नं मना विचारतो, आई, आता कुठं असल गं जहाज? मना काय ठावं? मी आपलं बोट ठेवते, कुठं पन, नं दर दिवशी त्ये थोडं आपल्या बाजूला सरकवते.

लवकर ये बाला. बोट जवल आलंय.

वाट बघनारी,
तुजी आजी