कुदळ मारलेली बांधी

१४ जून १९७४
परिषदेची बैठक. कुहीच्या कोंडा-तेल केंद्राच्या मंजुरीचा विषय अकरावा. नवव्यापर्यंत पोचलो, चहा आला. चहानंतर गणसंख्याच उरली नाही. पुढच्या बैठकीत. म्हणे मी कुलगुरू!
धानाचा कोंडा गिरणीतून निघाला की दोन दिवसांत खवट होतो. तेल काढायचं तर गावातच काढायला हवं, आणि ते आमच्या विद्यापीठाच्या तेल विभागाला जमतं. सध्या तोच कोंडा वाडीच्या गोदामात जाऊन पडतो आणि ढोरांच्या तोंडी जातो.

१९ जून
कुहीहून डोमाजी आले. केंद्रासाठी यांनीच आपली एक बांधी, धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा, दिली. अक्षय्यतृतीयेला मी तिथे कुदळ मारून आलो, मंजुरीच्या आधीच. हार, नारळ, टाळ्या. घाई सगळी माझी.
आज कळलं ते असं: बांधकामाची कुदळ पडली की त्या जागेत नांगर घालत नाहीत. ज्याने मारली त्यानेच 'मोकळी' म्हणायचं.
"बाकीच्या बांध्यायचे पऱ्हे टाकले जी साहेब. ही तुमची. हिच्यात नाही रोवत."
म्हणायचं होतं, हिच्यातही धानाची रोपं रोवा. म्हणालो, "पुढच्या बैठकीत होऊन जाईल." जीभ कशी झडली नाही!

५ जुलै
आज गणसंख्या होती, हेच दुर्दैव. वकील सदस्य म्हणाले, "आज कोंड्याचं तेल, उद्या गोवऱ्या. पदवी कोणत्या शाखेची देणार?" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?
उपसमिती नेमली.
जिन्यात कुलसचिव: "सर, परीक्षा वेळेवर होऊन राहिल्या, तेच पुष्कळ आहे. काहून डोक्याले ताप?"

१८ जुलै
हिने जेवताना विचारलं, "त्या डोमाजींना कळवलंत?"
नाही. पत्राचे तीन मसुदे केले. तिन्हींत 'विचाराधीन'. हिने वाचून परत दिले. "यात हो कुठंय आणि नाही कुठंय?" उगाच तिच्यावर ओरडलो. ताट तसंच राहिलं.

२६ जुलै
उपसमितीने फेटाळलं. 'विद्यापीठाच्या उद्दिष्टांत बसत नाही.' एवढंच. दार लावून रडलो. या वयात, या खुर्चीत.

२७ जुलै
सकाळच्या एसटीने कुहीला. गाडी न्यायची लाज वाटली. सगळीकडे रोवणी आटोपत आलेली, मधे ही एकच बांधी रिकामी. कुदळीच्या जागी दगड, त्यावर ताजं फूल.
सगळं सांगून टाकलं. डोमाजींनी विचारलं, "तुमच्या वरतं कोन आहे जी?"
"परिषद."
"मंग कुलगुरू काय करते?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते, म्हणून जास्त लागलं.
मग विद्यापीठ कायद्यातल्या एका कलमाचं बोलून बसलो. तातडीच्या वेळी कुलगुरू स्वतःच्या सहीने मंजुरी देऊ शकतो. परिषद ती महिन्याभरात रद्द करू शकते. तसं झालं तर मी घरी, आणि यांचा हंगाम बुडाला.
त्यांनी वाफ्यात उरलेले पऱ्हे दाखवले. बायकोने सांभाळून जास्तीचे टाकले होते. तिला माझा भरवसा नव्हता. शहाणी बाई.
"परवापर्यंत टिकते. मंग निबर होते. मोकळी म्हना, रोवतो. नाही तं रिकामी ठेवतो, तुमच्या भरवशावर. पन साहेब, 'पाहू' नका म्हनू आता."

२८ जुलै
फाइल सकाळपासून समोर. सही केली तर ते बांधी रिकामी ठेवतील, आणि परिषद बहुधा मंजुरी रद्द... नाही केली तर केंद्र संपलं. पुन्हा कुणी कुलगुरू कुहीला जाणार नाही, आणि गेला तर कुणी बांधी देणार नाही.
एका कोऱ्या कागदावर 'मोकळी' लिहिलं. तो कागदही फाइलशेजारीच आहे.
शिपाई दोनदा विचारून गेला, फाइल नेऊ का. दोन्ही वेळा तोंडातून निघालं, "पाहू."
उद्या सातची कुहीची एसटी; यातलं एकच घेऊन जायचं.