भामाबाईच्या वाट्याचं जितराब

मी, ज्ञानू आबाजी देवकाते, वय त्रेसष्ट, एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार कळस, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

कलम १. ओढ्याकाठचे दहा गुंठे व त्यावरील दोन खोल्या माझ्या कमाईच्या आहेत. माझ्यामागे त्या माझी पत्नी भामाबाई हिच्या एकटीच्या. चिरंजीव सोमनाथ याने आईला हडपसरच्या फ्लॅटवर नेण्याची घाई करू नये. त्या गॅलरीत तुळससुद्धा अंग चोरून उभी असते.

कलम २. बँकेतली शिल्लक भामाबाईची. पान्यांची पेटी सोमनाथची. त्यातला मोठा पाना शेजारी सावळाराम याच्याकडे आहे, तो मागून घ्यावा. याच्याच कुत्र्याने माझी बदके खाल्ली, आणि वर हा मलाच म्हणतो, "वढ्यानं खाली गेली आसतील." चोराच्या उलट्या बोंबा. त्याला माझ्या दहाव्याला बोलवावे, पण पुढे बसवू नये.

कलम ३. जितराब. वडिलांची मेंढरे होती, ती गेली. मी नोकरीला लागलो, पण ओढ गेली नाही. निवृत्तीनंतर हौसेने गावरान कोंबड्या, शेळ्या आणि एक गाय बाळगली. मुंगसाला आजवर एक पिल्लू मिळालेले नाही, याचा मला अभिमान आहे. हे सारे भामाबाईला देतो. तिचा जीव त्यांच्यात आहे. ती हयात असेपर्यंत यातले काही विकू नये.

वरील मजकूर भामाबाईला वाचून दाखवला. ती शेळ्यांना पाला टाकत होती. हात न थांबवता म्हणाली, "जीव तुमचा हाय त्येंच्यात. माजे नुसते हात हायेत. दिवस मावळायला कोंबड्या डालायच्या म्हणून मी कुणाच्या लग्नाला मुक्कामी ऱ्हायले न्हाय. आता तुमी गेल्यावर बी हितंच का?"

माझा चुलतभाऊ कुंडलिक तिथेच होता. तो म्हणाला, "वैनी, शेळ्या अर्धलीनं द्या मला. सांभाळीन मी, निम्मी करडं तुमची."

"मला एक करडू बी नगं."

मला राग आला, खोटे कशाला लिहू. भाकरी न खाता बाहेर जाऊन बसलो. मग फार वाईट वाटले. हौस माझी होती आणि शेण तिने काढले.

म्हणून कलम ३ रद्द समजावे. माझ्यामागे सारे जितराब, गाय धरून, कुंडलिकने घेऊन जावे. अर्धली नाही, वाटा नाही. भामाबाईने कुठे राहायचे ते भामाबाई ठरवेल. हडपसरला म्हणाली तर हडपसरला.

कलम ४. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. येत्या शनिवारी भामाबाई सुप्याला थोरल्या बहिणीकडे मुक्कामाला जाणार आहे. परत कधी येणार, ते मी विचारलेले नाही.

लिहून ठेवणार : ज्ञानू आबाजी देवकाते (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. आप्पासाहेब रामा पिसाळ (सही)
२. म्हस्कू धोंडी खरात (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम कळस, गुरुवार, दिनांक २० फेब्रुवारी १९९७