पडद्यावरची पहिली ओळ

कोथरूड, पुणे
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
कल्याणीचा सविनय जय भीम.

इकडे सर्व ठीक. तुमची खुशाली आईकडून कळत असते, तेव्हा ‘तिकडील क्षेम कळवावे’ असं उगाच लिहीत नाही. तुमचं बीपी बरं आहे, संध्याकाळचं फिरणं बंद आहे आणि नव्या चपला चावतात, एवढं मला माहीत आहे. आईवर रागावू नका. ती स्वयंपाकघरातून मला फोन करते आणि तेव्हा तुम्ही मुद्दाम टीव्हीचा आवाज कमी करता, हेही तिनेच सांगितलं.

कोथरूडहून बिबवेवाडीला पोस्टाने पत्र पाठवते म्हणून हसाल. पण ‘तोंडी बोललेलं फायलीत येत नाही’ हे सरकारी नोकरीतलं वाक्य तुमचंच. परवा आपण फोनवर बोललो, ते फायलीत यावं असं मला फार वाटतंय. शिवाय एक गोष्ट मी फोनवर सांगितली नाही. ती खाली येईलच. आधी परवाचं काय झालं ते, म्हणजे फाईल पूर्ण राहील.

मी तुम्हाला ‘थोडा बिघाड झालाय’ म्हणाले. बिघाड कसला, माझाच उद्योग होता.

विहाराच्या वरच्या मजल्यावर तुम्ही चालवता त्या अभ्यासिकेतलं ते जुनं मशीन, ज्याला आईने पडद्याच्या उरलेल्या कापडाचं झाकण शिवलंय, ते म्हणजे तुमच्या भाषेत आवक-जावक शाखा. मुलांच्या कॉम्प्युटरवरून बाहेर जाणारा आणि बाहेरून येणारा प्रत्येक लखोटा त्याच्या टेबलावरून जातो. त्यात लिनक्स आहे, म्हणजे कुणालाही फुकट मिळणारी, संगणक चालवणारी प्रणाली. ते लखोट्यावरचा पत्ता वाचतं, कुठल्या दाराने पाठवायचा ते आपल्या तक्त्यात बघतं आणि मग नियमांची यादी वरून खाली वाचत जातं. ह्याला सोड, त्याला सोड, ह्याला अडव. यादी संपेपर्यंत एकही नियम लागू पडला नाही, तर सगळ्यात शेवटी एक कायमचा शेरा असतो, तो चालतो. आपल्या मशीनवर तो शेरा मीच मारून ठेवलाय: नकार.

चार वाजता मुलांची ऑनलाइन सराव परीक्षा होती. परीक्षा घेणाऱ्यांनी आपला पत्ता बदलला होता, म्हणून मला घरी बसून यादीत तो नवा पत्ता घालायचा होता. एवढंच काम. पण यादीत फार पसारा झाला होता आणि मला पसारा बघवत नाही (हा गुण कुणाचा, ते आई सांगेल). म्हटलं, सगळी पुसू आणि स्वच्छ लिहू. पुसली. सोडण्याचे सगळे नियम गेले आणि मागे राहिला तो शेरा. मुलांना नकार, आणि मशीन ज्या मालकिणीचं ऐकतं तिलाही नकार. बाबा, ही चूक नवशिकी मुलं करतात. ती करू नका म्हणून त्यांना शिकवायचा मला पगार मिळतो.

आता मशीनपुढे जाऊन बसणं हा एकच मार्ग दिसत होता. स्कूटरवर मी वेळेत पोचले असते. पण मशीनच्या खोलीची चावी तुमच्याकडे. म्हणजे येऊन दारात उभी राहिले असते तरी आधी तुमच्याशी बोलावं लागलं असतं, आणि ते तर दीड वर्षात जमलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वीचं इथे उगाळत नाही. तुमच्याच अभ्यासिकेत बसून मी परीक्षा दिली, सरकारी नोकरीत लागले, तिथल्या भिंतीवर निवड झालेल्यांच्या रांगेत माझा फोटो लागला. आणि मग मी राजीनामा देऊन लिनक्सवर काम करणाऱ्या कंपनीत गेले. ‘ती खुर्ची मिळायला आपल्या दोन पिढ्या गेल्या आणि तू ती एका फुकटच्या वस्तूसाठी सोडलीस,’ असं तुम्ही म्हणालात. तेव्हा मी लागट बोलले. आजही सांगते, त्या दोन पिढ्यांबद्दल तुमचं खरं होतं आणि कामाबद्दल माझं. राजीनाम्याची माफी मागायला मी हे पत्र लिहीत नाहीये. फोटोचं मात्र मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, “काढला नाही गं. पण बाकीचे पुसतात तेव्हा तुझा पुसत नाहीत.”

तर फोन लावला.

तुम्ही उचललात आणि म्हणालात, “बोला.” खिडकीशी आलेल्या अर्जदाराला म्हणावं तसं. मी म्हटलं, बाबा, अभ्यासिकेचं इंटरनेट बंद पडलंय, चारला मुलांची परीक्षा आहे, तुम्ही वर जाऊन खोली उघडाल का. तुम्ही म्हणालात, “चावी माझ्याकडेच असते. ती मी राजीनामा देऊन सोडलेली नाही.” एरवी मी फोन ठेवला असता. परवा मला हसू आलं. चपलांचा आवाज आला, आईचा ‘कोण आहे?’ आला, तुमचा ‘कामाचा फोन आहे’ आला. मग जिना. तुम्हाला धाप लागत होती आणि तुम्ही ती लपवत होतात.

मग कुलूप, मग मॉनिटरचं बटण. आणि मग चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. तुम्ही म्हणालात, “बरंच काही दिसतंय इथे. सगळं वाचू, की तू सांगशील तेवढंच?”

‘बोला’वरून ‘तू’वर आलात, तेवढंच मी ऐकलं. म्हटलं, मी सांगेन तेवढंच.

“ठीक,” म्हणालात.

मग मी एकेक आज्ञा सांगत गेले, तुम्ही एका बोटाने टाइप करत गेलात आणि जे उमटेल ते शासन निर्णय वाचावा तसं मोठ्याने वाचत गेलात. एकशे ब्याण्णव पूर्णविराम एकशे अडुसष्ट पूर्णविराम एक पूर्णविराम एक. एकही पूर्णविराम गाळला नाहीत. मध्येच थांबून विचारलंत, “हा ‘लो’ कोण? ह्याचा पत्ता बाकीच्यांपेक्षा वेगळाच आहे. हा कुठे जातो?”

मी म्हटलं, तो कुठेच जात नाही. मशीन त्याच्यावरून स्वतःशीच बोलतं. प्रत्येक लिनक्समध्ये असतो.

तुम्ही म्हणालात, “म्हणजे माझ्यासारखाच.”

बाबा, मी त्यावर हसले, पण लगेच फोन तोंडापासून लांब धरला होता. का ते तुम्हाला कळलं असेल.

पुढे तुम्ही तक्ता वाचलात, मशीनला केबल किती ते मोजलंत, मी न विचारता त्यांचे रंग सांगितलेत. “आणखी काही तपासायचंय?” असं विचारत राहिलात आणि दर वेळी मला आणखी काही सुचत गेलं. चार वाजायला आले तेव्हा बाहेर मुलींचा आवाज आला, ‘काका, परीक्षा उघडली!’ आणि तुम्ही म्हणालात, “चला. झालं तुझं काम.” सगळं मिळून तुम्ही माझ्याशी अर्धा तास बोललात.

आता ती न सांगितलेली गोष्ट.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या श्यामसुंदर सरांनी मला एक सवय लावली. लांबच्या मशीनला हात लावण्याआधी त्याला सांगून ठेवायचं, की थोड्या वेळात माझा निरोप आला नाही तर मी केलेलं सगळं रद्द कर आणि आधी होतं तसं लाव. म्हणजे आपणच आपल्याला बाहेर कोंडलं तरी दार आपोआप उघडतं. परवाही मी ते केलं होतं. सवयीने हात करून गेले आणि नंतरच्या घाबरगुंडीत माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

तुम्ही जिना चढत होतात तेव्हाच माझ्या पडद्यावर ओळ उमटली. ती मीच रोमन अक्षरांत लिहून ठेवलेली आहे: ‘जुनी मांडणी परत आणली आहे. काही करायची गरज नाही.’

म्हणजे तुम्ही कुलूप उघडण्याआधीच मशीन ठीक झालं होतं. परीक्षेचा नवा पत्ताही मी इकडून घातला, तुम्ही पूर्णविराम वाचत होतात तेव्हा, ह्या वेळी काहीही न पुसता. तुम्हाला ‘खाली जा, झालं’ म्हणायचं होतं आणि माझ्याने म्हणवेना. तुमच्या गुडघ्यांना त्या जिन्याचा त्रास होतो हे माहीत असून मी तुम्हाला त्या लोखंडी स्टुलावर बसवून ठेवलं. तुमचा आवाज ऐकायचा होता. फोन ठेवला आणि भरपूर रडले, मग चहा केला, मग आईला फोन करून काहीच सांगितलं नाही. किती दिवसांनी गाढ झोप लागली.

इथे पत्र संपवून लखोटा चिकटवला होता. मग पोस्टात जायला म्हणून स्कूटर काढली आणि सिग्नलला उभी असताना एक गोष्ट लक्षात आली. तशीच घरी परतले, लखोटा फाडला आणि पुढचं लिहिते आहे.

तसली सूचना लिनक्स फक्त मला पाठवत नाही. त्या मशीनवर जे जे पडदे उघडे असतात, त्या सगळ्यांवर ती उमटते. त्या खोलीला कुलूप असतं म्हणून तिथला पडदा मी नेहमी उघडाच ठेवते, फक्त मॉनिटर बंद असतो. म्हणजे तुम्ही मॉनिटरचं बटण दाबलंत तेव्हा समोर पहिली ओळ तीच होती. साधं मराठी, नुसती अक्षरं रोमन. आणि कागदाला हात लावण्याआधी तो सगळा वाचायचा, ही तुमची सवय मी लहानपणापासून बघत आलेय.

‘काही करायची गरज नाही’ हे वाचून तुम्ही मला विचारलंत, सगळं वाचू, की तू सांगशील तेवढंच.

आणि मग अर्धा तास केबलचे रंग सांगत बसलात.

बाबा, ह्यावर उत्तर लिहू नका. पुढच्या रविवारी सकाळी मी मशीन तपासायला येतेय. आधी घरी नाही, सरळ अभ्यासिकेत. चावी घेऊन थांबा, मला वेळ लागेल.

आईला जय भीम. तिला सांगा, आता टीव्हीचा आवाज मोठा ठेवला तरी चालेल.

तुमचीच,
कल्याणी

ता. क. मशीनला काहीही झालेलं नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तरी मी येतेय.