कमरदुखीची रजा

९ जाने., गुरु.
महाडला सरकारी दवाखान्यात जाऊन आले. मनाचे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात, आज आलेच नाहीत. "पुढच्या गुरुवारी या," खिडकीतला माणूस मानही वर न करता म्हणाला. दीड महिना धड झोप नाही, शिकवता शिकवता रडू येतं. त्या खिडकीला काय सांगू? शाळेत रजेचं कारण कमरदुखी दिलंय. कापड्यासारख्या लहान गावात शाळेच्या बाईंनी दुसरं काय लिहायचं.

१० जाने.
चूक झाली. अख्खं गाव माझ्या कमरेच्या मागे लागलंय. तिसरीतल्या एकीच्या आईने शेकायला निर्गुडीचा पाला पाठवला. पोरं खुर्ची उचलून आणतात. डोक्यासाठी केलं असतं का एवढं? राग येतो. त्यांचा नाही, माझाच. त्यांचाही.

१३, सोम.
हेडसरांकडे गुरुवारची रजा मागितली.
"कमरेचा डॉक्टर पोलादपुरात आहे की, बाई. शाळा सुटल्यावर जा. महाडला कशाला?"
माझंच खोटं माझ्या आड आलं. संध्याकाळी मुंबईला ह्यांना फोन केला. म्हणे, सुट्टीत इकडे ये, बरं वाटेल. फोन ठेवून दिला.

१५, बुध.
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या राधाबाई दुपारी तेल घेऊन हजर. नको म्हटलं तरी ऐकेनात. रिकाम्या वर्गाचं दार लावून मला पालथं पाडलं. थोड्या वेळाने हात थांबले.
"बाई, कमर तं धड हाय तुमची. मंग रडता कशापायी?"
सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालातरी. राधाबाई हाताचं तेल पुसत बसल्या.
"माज्या भावाला आसंच झालेलं. आमी देवाला कौल लावीत बसलो. डाक्टरकडं उशिरा नेला."
तेलाची बाटली उचलली. जाताना म्हणाल्या, "एकट्या जाव नको. मी येन संगती."
घरी अर्ज लिहायला बसले. 'कमर' लिहून खोडलं. नवा कागद. कारण: झोप लागत नाही, सारखं रडू येतं, मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे.
सर वाचतील, मग सरांची बायको, मग अख्खं कापडे गाव. पाला यायचा बंद होईल बहुतेक.

१६, गुरु.
एसटीत लिहितेय. राधाबाई शेजारी. खिचडी आज त्यांची सून करणार.
शाळेत सर अजून आले नव्हते. अर्ज टेबलावर हजेरीपटाखाली सरकवला आणि निघाले. फाटकापाशी पोचले आणि परत आत गेले. काढून हजेरीपटाच्या वर ठेवला.
डॉक्टर आज तरी आले असतील का, कोण जाणे. सर तर आता टेबलापाशी आलेच असतील.